रंग आहे, सर

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज सकाळपासून परक्यांचे इतके पाय धुतले की हाताचा डेटॉलचा वास जेवतानाही जाईना. आणि ज्या एका पायासाठी जीव टांगणीला लागलाय, त्याला बोट लावायची मला बंदी. बंदी घालणारे कोण, तर खुद्द त्या पायाचे मालक.

वैभवला फोनवर सांगितलं तर हसला. याच्याशी माझं माघात लग्न आहे! हसणाऱ्याला पुन्हा काही सांगायचं नाही. म्हणून इथे लिहायला घेतलंय.

सुरतेजवळ चलथाणच्या पुढे, उसाच्या पट्ट्यात आमचं केंद्र आहे. ट्रस्टने पंचायतीची जुनी खोली घेतली, चुना मारला, आणि आत काय ठेवलं, तर एक खाट, एक स्क्रीन, एक कॅमेरा आणि मी. डॉक्टर वशी सुरतेत बसतात. मी जखम धुते, कॅमेरा धरते, ते म्हणतील तिथे दाबते, म्हणतील ते औषध लावते. कोयता लागलेले तोडणीवाले येतात, शेतमजूर येतात, शुगरवाले येतात. पाय हा एकच अवयव देवाने माणसाला दिलाय असं वाटायला लागलंय मला.

आज मामा आले. धुडकूमामा, माझ्या आईचे भाऊ. बाप गेल्यावर मला आणि आईला सुरतेत पांडेसऱ्याच्या चाळीत आणलं ते यांनी. आई गेली तेव्हाही हेच होते. माझं नर्सिंग यांच्या जिवावर झालं. आता ते आणि सरलामामी याच गावात खोली करून राहतात आणि मामा कंपनीच्या बसने सचिन गावच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये जातात. जेट मशीनवर, गरम रंगीत पाण्यात. आल्या आल्या, सगळे पेशंट बसलेले असताना, वाकले आणि माझ्या पाया पडले. आमच्या खानदेशात भाची म्हणजे देवी, मामाने तिच्या पाया पडायचं. लहानपणी मला गंमत वाटायची. आज गजेंद्र दात काढत होता. गजेंद्र म्हणजे ट्रस्टचा कोऑर्डिनेटर, त्याला माणसं दिसत नाहीत, केसेस दिसतात.

मामांचा डावा अंगठा बुटाने सोलला आहे. शुगर तर जुनीच. मी स्टूल ओढलं, म्हटलं ठेवा इथे पाय. तर करंट लागल्यासारखा पाय ओढून घेतला.

"मना पायले हात नको लावू, माय. भाची शे तू मनी. नरकमा जासू मी."

मी म्हटलं, मामा, इथे मी भाची नाही, सिस्टर आहे. म्हणाले, तू कुठेही भाचीच. आणि उठून गेले! ड्रेसिंग न करता! कपाळ माझं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

तोड निघाली. मामांचे फोटो मामी काढणार, त्यांच्या खोलीतच. मला व्हॉट्सॲपवर पाठवणार, मी ते डॉक्टरांना दाखवणार. ड्रेसिंगही मामीच करणार, मी दारात उभी राहून सांगायचं.

म्हणजे डॉक्टर सुरतेतून मला सांगणार आणि मी दारातून मामीला सांगणार. वा! दोन हातांवरचा पाय आणि मध्ये दोन मोबाइल. राग येतो, पण निदान होतंय तरी.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, पायाला समज आहे का ते बघा. त्याला नायलॉनची एक बारीक काडी असते. ती तळपायाला वाकेपर्यंत टेकवायची आणि पेशंटने डोळे मिटून सांगायचं, लागलं की नाही.

काडी मामीच्या हातात दिली. मी उंबऱ्यावर. मामांनी डोळ्यांवर रुमाल घेतला. मामी अंगठ्याला टेकवायची आणि विचारायची, "लागनं का?" मामा म्हणायचे, "लागनं." टाचेला टेकवायची, "लागनं का?" "लागनं." एकदाही चुकले नाहीत! मी केंद्रात येऊन डॉक्टरांना ऐटीत सांगितलं, समज पूर्ण आहे.

ते म्हणाले, "पक्कुं?"

पक्कुं म्हणजे काय? माझ्या डोळ्यांसमोर झालंय. मिलमधल्या माणसाचा शब्द म्हणजे काही किंमतच नाही या लोकांना.

२ डिसेंबर

शोभाबाईची केस चांगली चाललीय. ही नवापूरकडची, ऊसतोडीला आलेली, टाचेत कोयता घुसलेला. तिला लाज नावाची गोष्ट नाही. खाटेवर बसते आणि पाय सरळ कॅमेऱ्याच्या तोंडात घालते. "घे रे डॉक्टर, पोटभर बघ." ड्रेसिंग करताना माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करते, एवढं दुखतं तिला. डॉक्टर तिकडे खूश. दुखतंय म्हणजे पाय जिवंत आहे.

तिच्या शेजारी एक शुगरवाला म्हातारा बसला होता, म्हणाला मला तर काहीच दुखत नाही, मला कशाला आणलं? मी त्याला असा झापला! म्हटलं बाबा, दुखत नाही हीच तर बोंब आहे. ज्या पायाला दुखत नाही त्याला उंदीर कुरतडून गेला तरी कळत नाही. रोज तळवा आरशात बघत जा.

संध्याकाळी मामांकडे गेले. मामा मुळीच लंगडत नव्हते. विचारलं तर म्हणाले, "काहीच दुखस नई." जिवाला जरा बरं वाटलं. मामीने पोंक, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, आणला होता, लिंबू-मरी शेव घालून दिला. खोलीत अगरबत्ती लावलेली, दोन-दोन. म्हटलं मामी, एवढी भक्ती कधीपासून? तर म्हणे मच्छर फार.

९ डिसेंबर, सोमवार

आज डॉक्टरांशी वाजलं.

मामीने पाठवलेला पायाचा फोटो स्क्रीनवर मोठा केला. जखम वरून तर बरी दिसत होती. पण अंगठ्याच्या कडेला आणि खाली वळतो तिथे काळं होतं. डॉक्टर म्हणाले, "आ काळुं शुं छे, बेन?"

मी म्हटलं, "रंग आहे, सर."

"एटले?"

म्हणजे काय म्हणे! एटले काय एटले! म्हटलं सर, डाइंगच्या माणसाचे पाय कधी पाहिलेत का? एका आठवड्यात लाल, दुसऱ्या आठवड्यात निळे. माझं अख्खं लहानपण मामांच्या पायांवरून कळायचं की मिलमध्ये कुठला माल चालू आहे. सध्या काळा चालू आहे. मामांनी स्वतः सांगितलं, "रंग शे तो, काळा माल चालू शे जेटवर." दुसऱ्या पायाचा फोटोही दाखवला, तोही काळपटच.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, तळव्याचा नीट फोटो पाठवा. मामी पाठवते ते सगळे वरूनच असतात. मी मामांना सांगितलं तर म्हणाले, भाचीला पायाचा तळवा दाखवायचा का आता? तेवढं राहिलंय!

एसीत बसून काळं दिसलं की झाले यांचे डोळे मोठे. आला मोठा शहाणा. आम्ही त्या रंगात वाढलोय.

१८ डिसेंबर

गजेंद्रला मामांचे फोटो आवडले. हो, आवडले! म्हणतो, "आधी आणि नंतर" असं बॅनर करू, एवढा फरक कुठल्याच केसमध्ये नाही. मिलचा मजूर, त्यात भाची सिस्टर, लोकांना भिडेल. मामांचा हसरा फोटो काढून घेऊन गेला. पायाचा घेतला वरून. मामा मला म्हणतात, "मना फोटो लागी का तठे?" लहान पोरासारखे. म्हटलं लागेल. काय बोलणार?

२६ डिसेंबर, गुरुवार

शोभाबाईच्या मुस्काटात मारायची राहिले आज.

केंद्रात बॅनर लागलंय, दाराच्या वर, मामा हसताहेत. शोभाबाई बाकावर बसली होती आणि मामा शुगरची गोळी न्यायला आले, तिच्या शेजारी टेकले. गेल्यावर ही बया सगळ्यांच्या देखत म्हणते, "सिस्टर, तुझा मामा सडतोय बरं का. वास येतो."

मी म्हटलं, तोंड सांभाळ. डाइंगचा वास आहे तो, केमिकलचा. ती म्हणे, "मेलेल्या बैलाचा वास मी ओळखते गं. केमिकल नको शिकवू."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! तिला बाहेर काढलं. ड्रेसिंग राहिलं तिचं. मग वाईट वाटलं, उद्या बोलावलंय.

संध्याकाळी मामांच्या घरी जाऊन विचारलं, बूट का नाही काढत तुम्ही घरात? तर म्हणे थंडी आहे. सुरतेत थंडी! मग विषय बदलला, लग्नाचा. हल्ली दुसरं बोलतच नाहीत. मुहूर्त पक्का ना, मांडव कुठे, आणि घुमून-फिरून तेच, "तुले बोहल्यावर मीच आनसू. मना पायवर चालीसन." आमच्यात नवरीला बोहल्यावर मामाच आणतो, ते कुणाला सांगायला हवं? रोज रोज काय घोकायचं? मी चिडले. मामी उठून आत गेली.

५ जानेवारी

तळव्याचा फोटो आला एकदाचा. हललेला, अंधारातला. डॉक्टर म्हणाले यात काही दिसत नाही, तुम्ही स्वतः बघा. मी म्हटलं बघते. संध्याकाळी गेले तर मामा मिलमध्ये डबल ड्युटीला. नंतर राहूनच गेलं.

१४ जानेवारी, मंगळवार, उत्तरायण

आजचं जसं झालं तसं लिहिते.

मिल बंद, केंद्र बंद, सगळं गाव पत्र्यांवर आणि गच्च्यांवर. लाउडस्पीकर, पतंग कापला की 'काइपो छे'च्या आरोळ्या, सगळं. मामी तिळाचे लाडू घेऊन आली आणि म्हणाली, मामा वर आहेत, देऊन ये. मी चप्पल खाली काढून शिडीने पत्र्यावर चढले. भरदुपार. पाऊल टेकवलं आणि आई गं म्हणून मागे उडी मारली. तवा होता नुसता तवा! शिडीच्या दांड्यावर पाय ठेवून लोंबकळत राहिले.

मामा पत्र्याच्या मधोमध उभे होते. अनवाणी. शेजाऱ्याची फिरकी धरून, वर बघत, आरामात. मी विचारलं, मामा, कधीपासून आहात वर? म्हणाले, सकाळचा चहा पिऊन चढलो.

"चटका बसत नाही?"

"कसाना चटका?"

त्या म्हाताऱ्याला आरसा बघ म्हणून झापणारी मी! दुखत नाही हीच बोंब असं मोठ्या तोंडाने सांगणारी मी! लाडवांचा डबा हातातून सुटला, खाली कुणाच्या तरी अंगणात पडला.

म्हटलं, मामा, खाली या. आत्ता. ते माझ्या आवाजाने दचकले आणि चालायला लागले. जिथे उभे होते तिथे पत्र्यावर ओला डाग राहिला होता, डाव्या पायाचा. "घाम शे," म्हणाले. एकाच पायाला घाम!

खाली आल्यावर मी पाय धरायला गेले तर मामांनी खोलीत शिरून कडी लावून घेतली. मी दार बडवलं. लोकांना वाटलं पतंगावरून भांडण आहे. आतून म्हणत होते, सणाच्या दिवशी नको, उद्या दाखवतो. मामी दाराशी बसून रडायला लागली. म्हटलं मामी, तुला काय माहीत आहे? तर पदराने तोंड दाबून घेतलं.

१५ जानेवारी, वासी उत्तरायण

मी स्पिरिट, कापूस, सगळं घेऊन सकाळी गेले. मामीने दार उघडलं आणि मी मागे फिरून कडी घातली. आता जा कुठे जाता ते.

मामा खाटेवर. बूट घालून. म्हणाले, "लगीन व्हई जाऊ दे, मंग दखाडसू."

मग माझा बांधच फुटला. म्हटलं, माझ्या लग्नासाठी? माझ्या लग्नासाठी तू पाय सडवतोयस? मला बोहल्यावर न्यायला? आणि पुढे काय, तिरडीवर? जन्मात पहिल्यांदा मामांना अरे-तुरे केलं. म्हटलं, परक्यांचे पाय धुते रोज, ज्या पायांनी मला शाळेत सोडलं त्यांना हात लावला की पाप? कुणी सांगितलं? कुठल्या देवाने? त्याला बोलव इथे, त्याच्याशी पण बघून घेते.

मामा खाटेवरून उठले. मग म्हणाले, "पहिले माले तुना पाया पडू दे."

मी नको म्हणाले नाही. ते खाली बसले, माझ्या पायांवर डोकं टेकलं, आणि उठेचनात. माझे पाय ओले झाले. मग खाटेवर बसले, टॉवेल घेऊन तोंड झाकलं, आणि डावा पाय माझ्याकडे सरकवला.

बुटात वर्तमानपत्राच्या घड्या होत्या. त्या मामी रोज बदलायची. वास आला तेव्हा शोभाबाई आठवली.

पहिला बोळा पायाच्या वरच्या भागावर फिरवला. बोळा काळा झाला. रंग होता तो, खरंच रंग होता. दुसरा बोळा अंगठ्यावर फिरवला. पांढरा. जोरात घासला. पांढरा. मी परत स्पिरिट ओतलं, परत घासलं, अंगठ्याच्या शेजारच्या बोटावर घासलं. बोळा पांढराच राहिला, बोटं काळीच.

तळव्याला, अंगठ्याच्या बुडाशी, माझं बोट जाईल एवढं भोक. आत एक खडा होता. कधीचा कोण जाणे. मी चिमट्याने काढला, मामा टॉवेलच्या आत नुसते बसून होते. त्याच्याभोवती कालचे पत्र्याचे फोड.

मामी म्हणाली, "त्यासनी माले तुनी आन घाली व्हती, धना." माझी शपथ! माझीच शपथ घालून माझ्यापासूनच लपवलं. दोघांना उचलून आपटावंसं वाटलं. रिक्षा बोलावली.

१८ जानेवारी, शनिवार

पुढचा अर्धा पाय गेला. सुरतेला मोठ्या दवाखान्यात, काल दुपारी. टाच राहिली. सर्जन म्हणाले नशीब समजा, आणखी आठवडाभराने गुडघा गेला असता.

डॉक्टर वशी आले होते. पहिल्यांदा त्यांना स्क्रीनच्या बाहेर पाहिलं. माझ्यापेक्षा बुटके आहेत, पायात साध्या चपला. मी तिथेच कॉरिडॉरमध्ये सुरू झाले. म्हटलं, तुम्हाला काळं दिसलं होतं ना? मग माझं का ऐकलंत? डॉक्टर कोण, तुम्ही की मी? मी रंग म्हटलं आणि तुम्ही मान हलवलीत? दोन महिने तुम्ही काय बघत होतात, पिक्चर?

लोक जमले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बेन, मने तो रंग ज देखाय. हाथ तो तमारा ज छे ने."

त्यांना फक्त रंग दिसतो. हात माझे.

मग बाकावर बसले आणि म्हणाले, बोळा फिरवलात का, एवढं मी विचारायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं.

मला त्यांचा राग धरून ठेवायचा होता. तोही धरू दिला नाही मेल्याने.

३ फेब्रुवारी

वैभवच्या घरचे आले होते. मी सांगितलं, लग्न आता आखाजीनंतर, अक्षय्य तृतीया झाल्यावर. त्याची आई म्हणाली, एवढ्यासाठी पुढे कशाला ढकलायचं, बोहल्यावर दुसरं कुणी आणेल की, चुलत मामा आहेतच. मी चहाचा कप ठेवला आणि म्हटलं, मग नवरीपण चुलतच शोधा. वैभवला ठसका लागला. पण त्यानेच आईला समजावलं. या खेपेला हसला नाही.

मामा घरी आलेत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मिलमधून कुणी आलं नाही. तीस वर्षं त्या पाण्यात उभा राहिलेला माणूस, आणि कुणाला सुचलं नाही यायचं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गजेंद्र म्हणतो, बॅनर राहू दे, पाय थोडाच दिसतोय त्यात, चेहरा तर हसरा आहे.

मी स्टूलवर चढले, बॅनर ओढून काढलं आणि त्याच्यासमोर कात्रीने मधोमध कापलं. तो म्हणाला ट्रस्टला कळवीन. म्हटलं कळव, आणि कळवताना हेही कळव की ज्याचा पाय सडत होता त्याचं तू बॅनर केलंस आणि मी ते दारावर लागू दिलं. माझं नाव पहिलं लिही. त्याने काही लिहिलं नाही. फ्लेक्स जाड आहे, धुता येतो. ड्रेसिंगच्या वेळी पायाखाली अंथरायला ठेवलाय, मागची पांढरी बाजू वर करून.

शोभाबाई आली होती, टाच भरत आलीय. मला काहीतरी बोलेल म्हणून मी तयारच होते. ती फक्त म्हणाली, "म्हाताऱ्याला उचलून आण इथे. घरात नको लोळू देऊ." जाताना खोबऱ्याचा तुकडा ठेवून गेली टेबलावर.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मामांना केंद्रात आणलं. मी आणि मामी, दोन्ही बाजूंनी धरून. दारात थांबले आणि वाकायला लागले. मी ओरडले, पडाल! तर मामीच्या खांद्याला धरून वाकले आणि पाया पडूनच आत आले. आता मी त्यांना अडवत नाही. पडा म्हणते. पडून झालं की पाय माझ्याकडे द्या.

टाके बरे आहेत. पट्टी सोडली, धुतलं, डॉक्टर स्क्रीनवरून सांगत होते आणि मी दाबत होते. इथे गरम आहे का? नाही. इथे मऊ? नाही. पायाचा रंग उतरलाय, खालची कातडी लहान बाळासारखी निघालीय. जन्मात मी त्यांच्या पायाचा खरा रंग पाहिला नव्हता.

मग डॉक्टर म्हणाले, काडी. आणि विचारू नका, बेन. नुसती टेकवा. त्यांना आपण होऊन सांगू द्या.

नोव्हेंबरमधलं आठवलं. लागनं का, लागनं. लागनं का, लागनं. आणि मी उंबऱ्यावर बसून खूश! कुणीही पास झालं असतं त्या परीक्षेत, लाकडाचा पायसुद्धा.

मामांनी टॉवेल तोंडावर घेतला. मी काही न बोलता काडी डाव्या टाचेला टेकवली. काडी वाकली. मामा गप्प. घोट्याखाली टेकवली, वाकली. गप्प. मामी तोंड उघडायला लागली, मी तिच्याकडे असं पाहिलं की तिने मिटलं.

बऱ्याच वेळाने टॉवेलच्या आतून आवाज आला, "लावी ऱ्हायनी का तू, माय?"

"हो मामा."

त्यावर म्हणाले, "नई. काहीच लागस नई." आणि आणखी थोड्या वेळाने, "दिवाळीना पहिलेपासून."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी उजवा पाय मांडीवर घेतला. हा अख्खा आहे, हाच आता राखायचाय. टाचेला काडी टेकवली, गप्प. करंगळीच्या बुडाशी टेकवली आणि पाय हलला.

"आते लागनं."

माझा विश्वास बसेना. मी काडी नुसतीच हवेत धरून ठेवली, कुठेही न टेकवता. मामा काही बोलले नाहीत. पुन्हा त्याच जागी टेकवली. "लागनं." अंगठ्याला टेकवली. "लागनं." हवेत धरली, गप्प. खरं सांगत होते.

डॉक्टर स्क्रीनवर म्हणाले, सरस. मामी देवाचं नाव घ्यायला लागली. आणि मला इतका संताप आला की मी मामांच्या तोंडावरचा टॉवेल ओढला आणि म्हटलं, बोलता येत होतं ना? एवढं एक "नई" दिवाळीला बोलला असतास तर!

त्यांनी हात जोडले. मी ते हात खाली ढकलले आणि उजव्या पायाच्या बोटांच्या सांद्या पुसायला घेतल्या, एकेक करून, स्पिरिटने. बोळा स्वच्छ निघाला. तरी मी पुन्हा पुसल्या.